विमलबाई आणि फूटभर पायरी

विमलबाईंना मांडी घालता येत नव्हती. एवढ्यावरून लग्नानंतर चौथ्या महिन्यात त्यांना तलवाड्याच्या सासरहून माहेरी आणून सोडलं होतं, आणि हे सांगताना आमच्या दिंद्रुडात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. चूल जमिनीवर, पोळपाट जमिनीवर, पंगत जमिनीवर. जिला खाली बसता येत नाही ती सून काय कामाची, असं लोक मान हलवून म्हणत आणि वर हळहळतही. मला त्या हळहळण्याचीच जास्त किळस यायची.

गुडघा मोडला होता खो-खोत. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघाकडून खेळत होत्या. खांबापाशी उडी घेऊन वळताना उजवा पाय जमिनीवर पडला आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडला. आतून कट् असा आवाज आला, तो शेजारच्या पोरीलाही ऐकू गेला, असं त्या सांगत. उपचार काय, तर गावातल्या एका जाणत्याने तेल लावून पाय ओढला, पट्टा बांधला आणि एकवीस दिवस खाटेवर झोपवलं. गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही. तरी बाईंनी नेटानं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि आमच्या शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागल्या. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवत होतो. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.

उंच, काटक बाई. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बाकीच्या बायका जिथं मंगळसूत्र शोधायच्या तिथं शिट्टी. जीभ तिखट. कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. पोरगी जीव तोडून धावली तरी बाई फार तर "बरं" म्हणायच्या, आणि तेवढ्यावर ती पोरगी आठवडाभर खूष असायची.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. गावात केबल आली, एसटीडीचा बूथ आला, चन्नप्पांच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. आमच्या संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांना त्याच सुमारास शीतपेयाची एजन्सी मिळाली. बाई सहा वर्षं मागत होत्या की मैदानातले दगड वेचून घ्या, मुलींचे पाय मुरगळतात. दगड वेचायला माणूस मिळाला नाही. पण मैदानाच्या भिंतीवर दहा फुटी बाटली मात्र आठ दिवसांत उभी राहिली. ती रंगवली मी. नोकरी संस्थेची, त्यामुळे नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तीच बाटली मुलींच्या खेळाच्या शर्टांवर छापून आली आणि सुंदररावांनी त्याला क्रीडाप्रेम म्हटलं.

बाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच काही चाललं होतं. बारा वर्षांत त्यांच्या पाच मुलींचे गुडघे गेले होते. मुलांचा एकच. बाई म्हणायच्या, असं कसं होईल, मैदान तेच, दगड तेच. मग त्या बघत बसल्या. म्हणजे शब्दशः बसल्या, तेलाच्या रिकाम्या डब्यावर, उजवा पाय पुढे लांब करून. महिनोन् महिने त्यांनी फक्त एकच बघितलं, उडी मारून खाली येताना मुलीचे गुडघे कुठं जातात. काहींचे सरळ पावलांवर राहत. काहींचे आत येत, एकमेकांना लागतील इतके. गुडघे गेलेल्या पाचही पोरी आत येणाऱ्यांतल्या होत्या. औरंगाबादच्या शिबिरात त्यांनी हे एका हाडांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही बरोबर बघितलंय, मुलींमध्ये हे जास्त असतं. मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू कमी पडतात. सहा-आठ आठवडे रोज व्यायाम करून घ्या, उतरायला शिकवा, बराच धोका टळेल. आत येणारा प्रत्येक गुडघा मोडतोच असं नाही, हेही त्याने बजावलं होतं.

त्या पावसाळ्यात, एकोणीसशे शहाण्णव साली, बाईंनी आपली परीक्षा सुरू केली. शाळेच्या ओट्याची खालची पायरी फूटभर उंच. मुलीच्या ट्रॅक पँटवर दोन्ही गुडघ्यांवर खडूचा एकेक ठिपका. पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उतरायचं, लगेच वर उडी मारायची, पुन्हा उतरायचं. असं तीनदा. बाई समोर डब्यावर बसून ते दोन ठिपके बघायच्या आणि वहीत खूण करायच्या. एकतीस मुली झाल्या, त्यांत नऊ जणींचे ठिपके आत गेले. सर्वांत जास्त कुणाचे गेले असतील तर शिवांजलीचे.

शिवांजली चन्नप्पांची मुलगी. अकरावीत होती. कपाळावर विभूतीचं बोट, वेणी घट्ट, बोलणं कमी. पळताना मात्र ती कुणाच्या हाताला लागत नसे. संघ जिल्ह्याला जिंकला तो तिच्या जिवावर. नोव्हेंबरात विभाग आणि डिसेंबरात सांगलीला राज्य स्पर्धा होती. तिथं निवड झाली की मुलगी महाराष्ट्राच्या संघात जाणार, पुढे पोलिसात नाहीतर रेल्वेत तिला कुणी अडवणार नाही, असं बाईंचं मत होतं. शिवांजलीला पोलीस-रेल्वेचं काही नव्हतं. तिला सांगलीला खेळायचं होतं, बस्स. चन्नप्पांनी तसा शब्दही दिला होता, सांगलीपर्यंत खेळ, मग बघू. विमलबाईंना झोप नव्हती ती एवढ्याचसाठी, की या पोरीचा गुडघा सांगलीच्या आधी जाऊ नये.

व्यायामाला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबावं लागणार होतं. आणि घरचे थांबू देईनात. पोरगी उशिरा घरी येते म्हणजे काय, धडधाकट पायाला कसला व्यायाम, असं एकेकाचं. बाई दारोदार फिरल्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, तोंडी सांगितलेलं या लोकांना पटत नाही, फळ्यावर लिहिलेलं पटतं. नऊ नावं लावा. वर लिहा, 'जादा सरावासाठी थांबायच्या मुली.'

शाळेच्या फाटकाबाहेरचा सूचनाफलक मी लिहीत असे. माझं अक्षर चांगलं. बाईंनी दिलेला मथळा मला लांबडा आणि मिळमिळीत वाटला. बापांना दणका बसला पाहिजे, असं मला वाटलं. मी लाल खडूनं, वळणदार अक्षरात लिहिलं: 'कच्चे गुडघे असलेल्या मुली'. खाली नऊ नावं, वडिलांच्या नावासकट, आणि पहिलं शिवांजलीचं. वर मान तिरकी करून ते बघितलंसुद्धा. मला स्वतःची शिसारी येते ती या ठिकाणी.

दणका बसला. दुसऱ्या दिवशीपासून नऊच्या नऊ मुली थांबू लागल्या आणि आम्ही खूष झालो. मथळा लिहिला त्याच दिवशी बाईंनी तो वाचला, तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वतः फडकं घेऊन पुसला. पण तोवर दिवस मावळला होता आणि अख्ख्या बाजाराने तो वाचला होता.

सहा आठवडे मी रोज खिडकीतून बघत होतो. एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून. गुडघ्यांवर उभं राहायचं, दुसरीने मागून घोटे धरायचे आणि अंग सावकाश पुढे सोडायचं. आणि उतरणं, शंभर-शंभर वेळा. बाईंचा एकच जप, "आवाज न्हाई आला पायजे, गुडघा आत न्हाई गेला पायजे." शिवांजली घरीही उंबऱ्यावरून उतरायची, असं तिची आई तक्रारीनं सांगत होती. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. नऊ जणींपैकी सात सुधारल्या. शिवांजलीचे ठिपके तर रेघेवर ठेवल्यासारखे सरळ राहिले. बाई म्हणाल्या, "बरं." आणि विभागीय स्पर्धा आमच्या मुलींनी जिंकली.

त्याच पंधरवड्यात धारूरचं स्थळ आलं. मुलगा रवि, वडील संगमेश्वर, धारूरच्या पेठेत खताचं दुकान आणि वर एसटीडी बूथ. चन्नप्पांना सोन्याहून पिवळं वाटलं. सांगलीपर्यंत थांबू, हा शब्द त्यांनी इतक्या सहज गिळला की त्यांना तो दिल्याचंही आठवत नसावं. मुलगी सोळा वर्षांची आहे, याची आठवण कुणालाच नव्हती. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली, आणि मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की शाळेच्या फळ्यावर हिचं नाव आलं होतं. कच्च्या गुडघ्यात. पहिलं.

ही एकट्या शिवांजलीची गत नव्हती. नऊतल्या आणखी दोघींच्या घरून कुजबुज ऐकू येत होती, की बघायला आलेल्या लोकांनी मुलीला ओट्यावरून उडी मारून दाखवायला सांगितलं. आधी चालून दाखव, केस सोडून दाखव, भाकरी थापून दाखव असं होतंच. त्यात आमच्या शाळेने एक भर घातली. एका आजीबाईंनी तर शाळेत येऊन बाईंना सरळ विचारलं, संस्थेच्या शिक्क्याचा दाखला मिळतो का गुडघ्याचा. बाईंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन पाणी प्यायल्या. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी परीक्षेची वही कपाटात घालून कुलूप लावलं.

मग सुंदररावांनी बोलावणं धाडलं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि पेठेतली मतं चन्नप्पांच्या शब्दावर हलत. बंगल्यावर बाई उभ्या, मी उभा, अध्यक्ष झोपाळ्यावर. ते म्हणाले की तुमच्या फळ्यामुळे एका चांगल्या घरची सोयरीक अडलीय, पाहुणे रविवारी पुन्हा येणार आहेत, तुम्ही वही घेऊन जा आणि त्यांच्यासमोर परीक्षा घेऊन समाधान करा. बाई म्हणाल्या, ही परीक्षा त्यासाठी नाही. सुंदररावांनी झोपाळा थांबवला. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघच कशाला पाहिजे. एवढं सांगून त्यांनी मुनीमाला पान आणायला पिटाळलं.

रविवारी आम्ही दोघं पेठेतून चाललो होतो. फळा मी लिहिला होता, म्हणून मी सोबत निघालो, की तमाशा बघायला निघालो, हे मी स्वतःला विचारलं नाही. वाटेत बाई एवढंच म्हणाल्या की मी खोटं सांगणार नाही, पण मुलगी वाकडी उतरली तर जे दिसेल तेच सांगेन. मला त्यांचा विचार कळला. गुडघा कच्चा ठरला तर धारूरकर उठून जातील, पोरगी सांगलीला जाईल. पुढे तिच्या नावाला जो डाग लागेल तो लागेल. स्वतः एका गुडघ्यापायी घरी परत आलेली बाई दुसऱ्या पोरीसाठी तोच डाग मनातल्या मनात मागत होती. तो रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं.

चन्नप्पांच्या घराला तीन पायऱ्यांचा ओटा. अंगणात सतरंजीवर पाच-सहा पुरुष, खुर्चीवर रविची आई शांतादेवी. रवि स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत बसला होता. बाईंना बसा म्हणाले, त्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या.

संगमेश्वर अतिशय गोड माणूस होते, हे सांगितलंच पाहिजे. आवाज चढवला नाही, कुणाला टाकून बोलले नाहीत. म्हणाले, "मुलगी पसंत हाय बाई. त्या गुडघ्याचं तेवढं तुमच्या तोंडून ऐकावं म्हणलं."

"ती परीक्षा खेळणाऱ्या मुलींची हाय," बाई म्हणाल्या. "गुडघा आत गेला म्हंजे मोडतोच असं न्हाई. धोका जरा जास्त, एवढंच."

"मग धोका आमी कावून घ्यायचा?" त्यांनी हसून विचारलं, आणि सतरंजीवरचे सगळे समजूतदारपणे हसले. खताचं पोतं फुटकं निघालं तर परत घेता का, असं दुकानात विचारतात, तो सूर.

शांतादेवींनी सांगितलं की त्यांच्याकडं गॅस आहे, पण भाकऱ्या चुलीवरच होतात, दोन म्हशी आहेत, सणाला तीस माणसांची पंगत उठते, तेव्हा खालीवर करणारी सून पाहिजे. मग त्यांनी शिवांजलीला हाक मारली. ती साडीत आली. शांतादेवी म्हणाल्या, साडी जरा वर धर बाळ, गुडघा दिसू दे. पुरुषांतल्या एकानेही मान दुसरीकडे वळवली नाही. तिच्या बापानेही नाही.

बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. ट्रॅक पँट घालून येऊ दे, नाहीतर मी निघाले, असं त्या म्हणाल्या. शिवांजली आत जाऊन बदलून आली. निळी ट्रॅक पँट, शर्टावर सुंदररावांची बाटली, तोंडाला पावडर आणि डोक्यात तसाच गजरा. ती खालच्या पायरीवर उभी राहिली. बाईंनी खडू काढला, पाय एका बाजूला ताठ ठेवून जमेल तेवढं वाकल्या आणि तिच्या गुडघ्यांवर दोन ठिपके काढले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. त्या हळूच म्हणाल्या, "कशी बी उतर."

शिवांजलीने त्यांच्याकडे बघितलं. तिला कळलं, हे मला दिसलं.

ती उतरली. आवाज आला नाही. दोन्ही ठिपके पावलांच्या बरोबर वर, जिथं असायला पाहिजेत तिथं. वर उडी, पुन्हा खाली, पुन्हा तसंच. संगमेश्वर म्हणाले, आणखी एकदा. मग शांतादेवी म्हणाल्या, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तर ती इतकी सुरेख उतरली की खिडकीतून सहा आठवडे बघितलेल्या मला दाद द्यावीशी वाटली. रविने किल्ली फिरवणं थांबवलं नव्हतं.

सगळे बाईंकडे बघत होते. बाईंनी वही उघडली, मिटली. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"पक्का हाय," त्या म्हणाल्या.

पुढचं भराभर झालं. सुपारी फुटली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख निघाली, म्हणजे सांगलीचेच दिवस. पेढे फिरले. बाईंनी चन्नप्पांना बाजूला घेऊन विचारलं, लग्न महिनाभर पुढे न्या, पोरीला एवढी एक स्पर्धा खेळू द्या. मला वाटलं ते निदान ओशाळतील. ते मनापासून चकित झाले.

"आता कसं खेळू द्यायचं बाई?" ते म्हणाले. "तिथं पडली-बिडली तर? आता तिचा गुडघा जपायला पायजे."

मागच्या दाराशी शिवांजली उभी होती. ट्रॅक पँट अजून बदलली नव्हती, ठिपके तसेच होते, कपाळावर आता हळदीकुंकू होतं. बाई तिच्यापाशी गेल्या. मी हातातला पेढा तोंडात टाकून त्यांच्या मागोमाग.

"कावून सरळ उतरलीस?" बाईंनी विचारलं.

"वाकडंच उतरायचं ठरवलतं बाई," ती म्हणाली. "तिन्ही वेळा ठरवलतं. पाय ऐकंनातच." मग थोडं थांबून तिने विचारलं, "चुकलं का माजं?"

विमलबाईंनी तिच्या गुडघ्यांवरचे ठिपके पदरानं पुसले. वेळ लागला, त्यांना नीट वाकता येत नव्हतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लई चांगली उतरलीस."

एका शाळेत काढलेल्या आमच्या चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून मी कुणाचं कौतुक ऐकलं ते एवढंच. माझ्या तोंडात धारूरकरांचा पेढा होता. थुंकावा असं फार वाटलं, पण अंगणात सगळी माणसं बसली होती, म्हणून मी तो गिळला.